कायम उपलब्ध

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज इतिहास घडला. निदान घडायला सुरुवात झाली.
मीटिंगमध्ये आमच्या खातेप्रमुख मॅडम म्हणाल्या, आग लागते, पाणी घुसतं, भिंत पडते. अशा वेळी आपले काही कर्मचारी स्वखुशीने मदतीला जायला तयार असतात. कोणाला काय येतं, कोण मोकळा आहे, कोणाला कुठे पाठवायचं, हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर हवं. बाहेरच्या कंपनीला काम द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी उभा राहिलो. म्हटलं, मॅडम, मी करतो.
खोलीत शांतता पसरली. आदराची असावी.
आमच्या हेडक्लार्कला सगळं ऑफिस भोंगा म्हणतं. तो तळमजल्यावर खोकला तरी तिसऱ्या मजल्यावरचे दचकतात. तो म्हणाला, अहो पण राव, तुम्ही आवक-जावकला ना? मी म्हटलं, आत्तापर्यंत.
मॅडमनी महिना दिला. जमलं तर नव्या संगणक कक्षाचा प्रमुख मी. नाही जमलं तर पुन्हा टपाल आणि शिक्के. आख्खी नोकरी शिक्के मारण्यात गेली. आता मारणार नाही.

५ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अभ्यास. आज सव्वासातला उठलो. गजर वाजला होता असं बायकोचं म्हणणं. पुरावा नाही.
प्रोग्रॅमिंग मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या एका जाड ग्रंथावरून स्वतः शिकलो, हे इथे नमूद करतो. कोणी शिकवलं नाही, कोणाचे उपकार नाहीत. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण फाटलेलं आहे. अनुक्रमणिकेत त्याचं नाव आहे, 'चाचणी'. नावावरून अंदाज येतो.
आमची कन्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणाली, बाबा, मी बघू का थोडं? मी म्हटलं, तू तुझ्या कॉलेजात पैसे भरून शिकलीस, मी डोकं वापरून शिकलो, दोन्हीची सरमिसळ नको. ती हसली. उद्धटपणा नव्हता, पण होताच थोडा.

९ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर काम. एरर मेसेज लिहिले.
लोक इथे हयगय करतात. 'चूक', 'अवैध', असं तुसडं काहीतरी टाकून मोकळे होतात. माझे मेसेज सभ्य आहेत. आडनाव राहिलं तर: 'आपले नाव अपूर्ण भासते. कृपया आत्मपरीक्षण करावे.' फोन नंबरात आकडा कमी पडला तर: 'आपल्याशी संपर्क व्हावा असे आपल्याला खरोखर वाटते का?'
बायकोला वाचून दाखवले. म्हणाली, छान आहेत, पण त्या गॅसवाल्याला फोन करायचा राहिला. मी म्हटलं, मी सध्या स्वयंसेवकांत गुंतलोय. ती म्हणाली, स्वयंसेवक ना? मग चहापण स्वतःचा स्वतः घ्या.
घेतला. साखर सापडली नाही.

१३ फेब्रुवारी
मॅडमनी एक अडचण सांगितली. मागच्या पुरात एका माणसाने वाचवणारा म्हणून मानपत्र घेतलं आणि वाचलेला म्हणून मदतीचं ब्लँकेटही घेतलं. एकाच समारंभात. मानपत्र ब्लँकेटात गुंडाळून घरी नेलं.
तासाभरात नियम बसवला. एकच नाव 'वाचवणारे' आणि 'वाचलेले' या दोन्ही रकान्यांत आलं की प्रसंगाचा अहवाल जतनच होत नाही. मेसेज येतो: 'एकच इसम तारणारा व तारला गेलेला असू शकत नाही. आपण नक्की कोण, ते ठरवावे.'
या वाक्यावर मी खूश आहे. यात तत्त्वज्ञान आहे.
नाव जरा बदलून लिहिण्याची लबाडीही पकडली जाते. वडिलांचं नाव गाळा, आद्याक्षरं टाका, काही चालत नाही. माझ्या हातून कोणी सुटणार नाही.

१५ फेब्रुवारी
सर्वात अवघड भाग आज संपवला: कर्मचारी उपलब्ध आहे की नाही, हे यंत्राने ठरवायचं.
सेवानियम आणून ओळ न् ओळ वाचले. असे वाचणारा खात्यात मी एकटाच असेन. निष्कर्ष: कर्मचारी कामावर असेल तर तो कामात आहे, म्हणून उपलब्ध नाही. कामावर नसेल तर त्याला आदेश देता येत नाही, म्हणून उपलब्ध नाही. रजेवर असेल तर प्रश्नच नाही.
कन्या पाठीमागून वाचत होती. म्हणाली, बाबा, मग उरलं कोण? मी म्हटलं, जेवणाची सुट्टी उरते. तेव्हा माणूस ऑफिसात असतो पण कामात नसतो. ती म्हणाली, म्हणजे आग दीड ते दोनमध्येच लागायला हवी? मी म्हटलं, नियम मी केलेले नाहीत, मी फक्त अचूक पाळलेत.
हिच्या कंपनीत अचूकतेला किंमत नसावी.

१८ फेब्रुवारी
कौशल्यांचं पान चालतंय का, ते बघायला एक नोंद हवी होती. स्वतःचीच केली. सगळ्या सतरा चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या: पोहणे, दोरखंड, प्रथमोपचार, अवजड वाहन, साप पकडणे, सगळं. उपलब्धतेपुढे 'कायम' लिहिलं, म्हणजे जेवणाची सुट्टी होईस्तोवर थांबायला नको.
नोंद नंतर काढून टाकायची होती. पण बघितली आणि काढवेना. अशी भरगच्च नोंद दुसऱ्या कोणाची नाही. लोकांपुढे आदर्श असावा, म्हणून ठेवली.
आणि अगदीच खोटी आहे असंही नाही. पोहायला मी लहानपणी सुरुवात केली होती. सुरुवात म्हणजे पायरीवर बसून पाय सोडले होते. पुढे सर्दी झाली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आज मॅडमना प्रात्यक्षिक. वेळ मीच ठरवली होती, पावणेदोन.
बटण दाबलं आणि पडदा हिरवागार झाला. झाडून सगळं खातं उपलब्ध! मॅडम म्हणाल्या, वा. दोनदा म्हणाल्या. भोंगा डबा तसाच टाकून आला होता. म्हणाला, मानलं राव, आता मला ओरडायचं कारण उरलं नाही. मी म्हटलं, तुमच्या घशाला विश्रांती हाच या प्रकल्पाचा पहिला लाभ.
दोन वाजता पडदा पुन्हा लाल होऊ लागला. मी चपळाईने प्लग काढला. वीज वाचवायची सवय.
मॅडम म्हणाल्या, पहिल्या खऱ्या प्रसंगाचा अहवाल याच सॉफ्टवेअरमधून माझ्या टेबलावर आला की संगणक कक्षाच्या ऑर्डरवर सही करते.
आता फक्त एक प्रसंग हवा. लहानसा. कोणाला काही होऊ नये. दीड ते दोनच्या दरम्यान.

२८ फेब्रुवारी
कक्षप्रमुखाच्या दारावरच्या पाटीसाठी अक्षरांची वळणं बघितली. बायको म्हणाली, आधी दार तरी मिळू दे.

४ मार्च, मंगळवार. दुपारी ३.५०
प्रसंग आला! पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. ऑफिसमागच्या उताराच्या रस्त्यावर नुसतं पाणी. वृद्धाश्रमाच्या तळमजल्यात शिरलंय. म्हातारी माणसं पलंगांवर बसून आहेत. अग्निशमनचा बंब निघालाय, पण हात कमी पडताहेत. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. आयुष्यात कोणी माझ्याकडे बघून अशी मान हलवली नव्हती.
३.५३. बटण दाबलं. यंत्राने सगळं खातं चाळलं आणि एकच स्वयंसेवक निवडला. सतराही कौशल्यांत निपुण, कायम उपलब्ध.
माझा फोन वाजला. 'आपली निवड झाली आहे. अभिनंदन. त्वरित निघावे.'
मेसेज चांगलाच लिहिलाय.
निघतो.

५ मार्च, बुधवार
सर्दी. अंगात कणकण. जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.
वृद्धाश्रमाच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. बंबाचे प्रमुख फाटकात उभे. विचारलं, किती जण आलात? मी म्हटलं, एक, पण सतरा कौशल्यं. ते म्हणाले, पोहता येतं? मी म्हटलं, नोंद आहे.
वरच्या जिन्यावरून एक आजी हातातली काठी नाचवत ओरडत होत्या, अरे बाबा, तिकडून नको, मध्ये हौद आहे! मी त्यांना नम्रपणे सांगितलं, आजी, आमच्या नकाशात इथे हौद नाही.
हौद होता.
त्यानंतरचं नीटसं आठवत नाही. पाणी नाकात, तोंडात, चष्मा गेला. मी 'वाचवा' म्हणालो असेन. दोनचार वेळा. मोठ्याने. तेवढ्यात कसली तरी काठी हाताला लागली, ती घट्ट धरली. दुसऱ्या टोकाला आजी. जिना उतरून, पातळ खोचून, पाण्यात उभ्या. सांगत होत्या, धर, सोडू नको, घाबरू नको बाळा.
मग बंबाचे प्रमुख आले. वाकून म्हणाले, साहेब, उभे राहा.
उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.
मागे फाटकातून भोंग्याचा आवाज आला. मी ऑफिसातून निघालो त्याच वेळी तो म्हणे व्हरांड्यात उभा राहून एकदाच ओरडला होता, चला रे, म्हातारी माणसं पाण्यात आहेत! टायपिस्ट आले, लेखा विभाग आला, दोन्ही ड्रायव्हर आले, स्टोअरकीपरबाई साडीला गाठ मारून आल्या. कोणाचीही उपलब्धता तपासलेली नव्हती. खुर्चीत बसवून एकेकाला वर नेलं. अंधार पडायच्या आत सगळे सुखरूप.
मला दोघांनी धरून पायरीवर बसवलं. टायपिस्टने विचारलं, सर, साप होता का? मी म्हटलं, असू शकेल.

६ मार्च, गुरुवार
मॅडमना अहवाल पाचपर्यंत हवाय. सॉफ्टवेअरमधूनच.
सकाळी ११. बसलो. वाचवणारे: मी. वाचलेल्या व्यक्तींची नावं अग्निशमनच्या कागदावरून उतरवून घेतली. शेवटचं नाव माझं. बंबाच्या प्रमुखांचं अक्षर दुर्दैवाने फार सुवाच्य आहे.
जतन करा दाबलं.
'एकच इसम तारणारा व तारला गेलेला असू शकत नाही. आपण नक्की कोण, ते ठरवावे.'
दु. १२.३०. वडिलांचं नाव गाळून बघितलं. पकडलं. आद्याक्षरं टाकली. पकडलं. इतकं चोख काम कोणी करत नाही. आज थोडं कमी चोख चाललं असतं.
दु. २.१०. वाचवणाऱ्यांत भोंगा आणि इतरांची नावं घातली. नवीन मेसेज. हा लिहिल्याचं विसरलोच होतो: 'सदर कर्मचारी त्या वेळी उपलब्ध नव्हते. त्यांनी मदत केली असणे शक्य नाही.'
हा मेसेज दोनदा वाचला. डोळ्यांपुढे स्टोअरकीपरबाईंची गाठ मारलेली साडी आली. त्या घरी गेल्या तेव्हाही ओल्याच होत्या.
एक मार्ग होता. माझं एकट्याचं नाव वाचवणाऱ्यांत ठेवायचं, वाचलेल्यांतून काढायचं. बोलावले एक, आले एक, यश शंभर टक्के. यंत्राने तो अहवाल हसतमुखाने घेतला असता. ऑर्डर माझ्या हातात पडली असती. कर्सर त्या जागी नेऊनही ठेवला होता.
दु. ३. कन्येला फोन केला. म्हटलं, सहज विचारतोय, एखादा नियम काढून टाकायचा तर कुठे बघतात? ती म्हणाली, उपलब्धतेचा ना? मी म्हटलं, सहज विचारतोय. तिने ओळ सांगितली. हसली नाही. तेवढ्याने मला जास्तच वाईट वाटलं.
नियम काढला. सगळ्यांची नावं वाचवणाऱ्यांत गेली. मग आजींचा प्रश्न आला. त्यांना पुन्हा वर नेलं भोंग्याने, आणि मला धरलं त्यांनी. त्या दोन्हीकडे. माझं तत्त्वज्ञानाचं वाक्य त्यांच्यापुढे आणायची लाज वाटली. तोही नियम काढला.
आता माझं नाव दोन्हीकडे राहू शकलं असतं. अडवणारं कोणी नव्हतं.
वाचवणाऱ्यांतून खोडलं.
'अहवाल जतन झाला. आपल्या सचोटीबद्दल आभार.' हे वाक्य मी प्रत्येकासाठीच टाकलेलं आहे. तरी बरं वाटलं.

७ मार्च
मॅडमनी अहवाल पूर्ण वाचला. म्हणाल्या, प्रामाणिक आहे. मग म्हणाल्या, म्हणजे सॉफ्टवेअरने बोलावलेला एकच माणूस, आणि त्यालाच बाहेर काढावं लागलं? मी म्हटलं, काढावं म्हणजे, मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, हो, तेही लिहिलंय.
बाहेरच्या कंपनीलाही काम देणार नाहीत. व्हरांड्यात एक माइक बसवताहेत. भोंग्यासाठी.
भोंगा रात्री घरी आला. हळू बोलायचा प्रयत्न करत होता, तरी शेजारी बाहेर आले. म्हणाला, राव, आमची नावं घातलीत, आभारी आहे. बायकोने त्याला चहा दिला. मलाही दिला. साखर घालून.

१० मार्च, सोमवार
आवक-जावक. खुर्ची तीच. शाईची उशी वाळली होती, पाणी घालून जिवंत केली.
पहिलंच पार्सल मदत विभागाकडून. आपत्तीतून वाचलेल्यांसाठी ब्लँकेट, नग एक. लाभार्थी: मी.
वहीत नोंद केली. शिक्का मारला. देणाऱ्याची सही केली. घेणाऱ्याचीही केली. एकाच ओळीत, शेजारी शेजारी.
वहीने काही विचारलं नाही.