ज्वारीचा बुधवार

२६ ऑक्टो., रविवार
सुट्टी. गोंदियात चार महिने झाले, पण स्वतःच्या ओट्यावर स्वयंपाक सुरू करून पंधराच दिवस. मेसचं जेवण होतं तोवर इथे काय कुठे मिळतं याच्याशी संबंध नव्हता. आता आहे. ८ तारखेला बाबा येतायत.

ज्वारी तिसऱ्या दुकानात मिळाली. आधीच्या दोन्हीकडे तांदळाची पोती छतापर्यंत. "ज्वार? वो इधर कम चलता है, मॅडम." दहा किलो घेतली, निवडली, गल्लीतल्या दुलीचंदच्या चक्कीवर नेली. जात्यात आधीचं तांदळाचं पीठ असणार, म्हणून एक किलो ज्वारी जास्तीची नेली होती. ती आधी दळून बाजूला काढायची, मग आपली. कामावर विमानाच्या टाकीतून इंधनाचा पहिला नमुना काढून टाकतो, तसं.

दुलीचंद : "मॅडम, काऊन नासाडी करून राहिल्या? तांदूळ का जहर आहे?"
बाबांना शुगर आहे, म्हटलं. ते किलोभर पीठ घरच्या कोंबड्यांना घेऊन गेला.

दोन हवाबंद डबे, वर तारीख. दुपारी दोन भाकऱ्या करून पाहिल्या. दोन्ही फुगल्या. महिन्याचं काम एका दिवसात.

२९ ऑक्टो., बुधवार
चक्कीसमोर सायत्राबाई भाजी घेऊन बसते. नागऱ्याहून येते. पंधरा दिवस रोज विचारते, "सांबार टाकू का?" आणि मी रोज सांगते की नको, मी सांबार करत नाही. कोथिंबीर हवी होती, ती तिच्याकडे दिसायची नाही. आज पाटीवरचं ओलं फडकं बाजूला होतं. खाली कोथिंबीर. हिरवीगार, दहा-बारा जुड्या.
"ही कोथिंबीर आहे की."
"सांबार आहे माय. रोजच त इचारतो तुले. मले वाटलं, तुमच्या सातारकडे खातच नाईत."

शिवाय पोपट. "पोपट ने, कवळे आहेत." वालाच्या शेंगा. वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली. सांबार, पोपट, फल्ली (शेंगदाणे). न समजलेला शब्द नाकारायचा नाही, आधी दाखव म्हणायचं.

४ नोव्हें., मंगळवार
काकांचा फोन. बाबांचं परतीचं तिकीट काढलंय, २३ तारीख, रविवार. मला न विचारता.
बाबांना विचारलं. म्हणाले, "पंधरा दिवस बघतो. जमलं तर राहीन. नाही जमलं तर इथं बराय मी. माझ्यासाठी तू नोकरी सोडून साताऱ्याला यायचं नाहीस, हे आधीच सांगतो."

तिथे बरे नाहीत. आई गेल्यापासून दोन वर्षं काकांकडे. काकू वाईट नाही. पण हल्ली त्यांचं ताट सकाळीच वाढून झाकून ठेवते. मी दिवाळीत पाहिलं. सगळे एकत्र बसले, बाबा नंतर एकटे. फडताळातून स्वतः ताट काढलं.

मला ते इथे हवेत. लिहून ठेवते म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही.

८ नोव्हें., शनिवार
आले. गाडी उशिरा, पण बाबा फ्रेश. "चांगली गाडी आहे. शेवटचंच स्टेशन. झोप लागली तरी माणूस चुकत नाही."
खोली बघितली. नळ बघितला, सोडून बंद केला. तीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते, नळ बघितल्याशिवाय घरात बसत नाहीत. डबे, लेबलं, तारखा सगळं पाहिलं.

९ नोव्हें., रविवार
भाकरी थापताना मोडली. दुसरी तव्यावर टाकताना. तिसरीला कडेने भेगा. पाणी कमी म्हणून वाढवलं, जास्त मळलं. पाचवी धड, पण फुगली नाही. त्याच डब्यातलं पीठ, तोच तवा, तोच हात. २६ तारखेला फुगली होती.
बाबांनी तुकडे दुधात कुस्करून खाल्ले. "चालतंय."
बाबा "चालतंय" म्हणतात तेव्हा चालत नसतं.

१० नोव्हें., सोमवार
संध्याकाळी बिरसी विमानतळावरून घरी आले तर बाबा डबा उघडून बसलेले. चिमूटभर पीठ बोटांत चोळत.
"कधी दळलंस?"
तारीख डब्यावर होती, तरी सांगितली.
"मग विरी गेली याची. ज्वारीचं पीठ साठवायचं नसतं पोरी. तुझी आई चार दिवसांचं दळायची, जास्त नाही."
आई दर चार दिवसांनी दळण घेऊन जायची हे मला आठवतं. मला वाटायचं तिला बाहेर पडायला निमित्त हवं असतं.

पिठाचा चिकटपणा, ताजं असेपर्यंतच. भाषेत त्याला शब्द आहे आणि तो मला माहीत नव्हता. विरी. झाडावरून उतरवलेल्या फळासारखी, दिवसागणिक उतरणारी गोष्ट मी यंत्राचा सुटा भाग समजून फडताळात ठेवली.
बाबांनी उकळतं पाणी घालून मळायला लावलं. निम्म्या भाकऱ्या जमल्या.

११ नोव्हें., मंगळवार
दोन किलो ज्वारी घेऊन चक्कीवर. बाबा बरोबर.
दुलीचंद : "दोन किलोसाठी जातं साफ करू का मॅडम? धान निघालं आत्ता, लोकाईची लाइन आहे तांदळाची. पाच-दहा किलो आना."
दहा किलो आणलं की विरी जाते. दोन आणलं तर तो दळत नाही. त्याचं बरोबर आहे, माझंही बरोबर आहे.
बाबा मध्येच म्हणाले, तुमचा पट्टा सरकतोय, आवाज ऐका.
"काकाजी, वीस वर्सं झाले चालवून राहिलो."
परतताना बाबांनी विचारलं, काकांचा फोन आला होता का. म्हटलं, नाही.

१३ नोव्हें., गुरुवार
मी कामावर असताना बाबा रोज चक्कीवर जाऊन बसतात. आज कळलं, सायत्राबाईकडून. "तुया बाप दुलीचंदच्या बाकावर बसून राह्यते. येणाऱ्या बाईले इचारते, तुमी कोनीकडच्या."
मला ते आवडलं नाही. घरी आल्यावर सांगितलं, अनोळखी बायकांना असं विचारू नका.
"विचारल्याशिवाय कळायचं कसं? मागच्या गल्लीत बँकेतला एक सोलापूरचा. पोलिस लाइनीत बीडची सून. शाळेतले एक मास्तर लातूरचे. तिन्ही घरं गव्हावर दिवस काढतायत. एक बाई म्हणाली, सहा वर्षं झाली ताज्या पिठाची भाकरी खाऊन."
त्यांचं गणित असं : चार घरं, दोन-अडीच किलो प्रत्येकी. दहा किलो एकत्र नेलं तर जातं एकदाच साफ.
हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मी कुणाला विचारत नाही.

१६ नोव्हें., रविवार
दुलीचंद तयार. बुधवारी दुपारी तांदळाची गर्दी नसते, तेव्हा ज्वारी. एक अट : काकाजींनी सगळ्यांची ज्वारी गोळा करून आणायची आणि कुणाचं किती ते लक्षात ठेवायचं. "मी नाई आयकनार कोनाची कटकट."
पहिलं किलो कोंबड्यांना, हेही ठरलं. पाळीपाळीने एकेका घराचं.
बाबांनी सकाळची शुगर स्वतः तपासली. मला न सांगता. ठीक होती.

१९ नोव्हें., बुधवार
मी कामावर होते, बघितलं नाही. ऐकलं ते असं. बीडच्या सुनेने ज्वारी निवडलीच नव्हती, बाबांनी बाकावर बसून निवडली. मास्तरांची पिशवी आणि बँकवाल्यांची पिशवी एकसारखी, अदलाबदल झाली, संध्याकाळी दोघे दारात. सायत्राबाईने मध्ये तोंड घातलं, "आमच्या तांदळाले कायची पिशवी बदलनार, सगळा पांढराच." सगळे हसले म्हणे.
भाकरी. थापली, वळली, फुगली. चार झाल्या, चारही. बाबा तिसरीला थांबले नाहीत.

२० नोव्हें., गुरुवार
काकांचा फोन, रविवारच्या गाडीला साताऱ्यात स्टेशनवर कोण न्यायला येईल ते ठरवायला. बाबा बाहेर होते. कळवते म्हटलं.

बोलवायला चक्कीवर गेले. ते बाकावर, पाठ माझ्याकडे. कुणाच्या तरी दळणाचं तोंड बांधत होते. चक्की चालू, त्यामुळे दोघेही मोठ्याने बोलत होते.
दुलीचंद : "काकाजी, येत्या बुधवारी आहा ना तुमी? नसान, त मी तिघाईले सांगून देतो, आपआपलं पाहा म्हनून."
बाबांनी गाठ पक्की केली. पिशवी उचलून वजन हातानेच अजमावलं.
"सांगू नका अजून."

मी काकांच्या फोनाचं तिथे काढलं नाही. पिशवी मास्तरांच्या गव्हाची होती, त्यांचं घर आमच्या वाटेवरच, म्हणून ती मी घेतली. बाबा मागून आले. काकांना अजून काही कळवलेलं नाही. रविवार परवा नाही, तेरवा.