नऊ काठ्या, आठ सापळे

आजोबा,

आज रविवार, अठरा जानेवारी. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी व्हॅनमध्ये बसून सापळे मोजतो आहे. चौथ्यांदा. काठ्या नऊ आहेत, सापळे आठ. लेस्टरबाहेरचं हे कुरण धुक्यात बुडालं आहे, कुंपणाचा दुसरा खांबसुद्धा दिसत नाही. शेजारी माझी लेक टोस्ट खाते आहे. सात वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. अक्षर नीट काढतो आहे. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, पण शुद्धलेखन तुम्ही सापळ्यांच्या याच वहीत माझ्याकडून घोटून घेतलंत. भीती वाटली की मी अजून आधी वेलांट्या तपासतो.

काल तिला पहिल्यांदा शिकवलं, तुम्ही मला शिकवलंत तसंच. शेताखाली बोगदे खणणाऱ्या ज्या प्राण्याला इथले लोक मोल म्हणतात त्याला तुम्ही भुईउंदीर म्हणायचात, म्हणून तीही तेच म्हणते. हात साबणाने धुवायचे नाहीत, मातीत चोळायचे. गज टोचून बोगदा शोधायचा, गवताचा चौकोन कापून उचलायचा, सापळा आत ठेवून चौकोन परत असा बसवायचा की उजेडाचा कण आत जाता कामा नये. शेजारी लाल लोकर बांधलेली काठी रोवायची. दुसऱ्या दिवशी सापळा हातात आला की मगच काठी उपटायची, त्याआधी कधीच नाही. हे शेवटचं मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. आज कुंपणाकडचे चार सापळे तिचे होते, ओढ्याकडचे पाच माझे. "सगळे काढलेस?" "हो बाबा, फोर." पिशवी मी व्हॅनपाशी येऊन उघडली. तिला पुन्हा विचारलं, ती पुन्हा "फोर" म्हणाली. मग कुंपणाच्या कडेने दोनदा चालून आलो. काठीशिवाय ओल्या गवतात तो चौकोन दिसत नाही. दहा वाजता शेतकरी कुत्री सोडतो.

तिच्या डोक्यावर तुम्ही मला दिलेली भुईउंदरांच्या कातड्यांची टोपी आहे. एका हिवाळ्यातली ती कातडी तुम्ही फळीवर खिळे मारून ताणली होती आणि स्वयंपाकघरातल्या बॉयलरवर वाळत ठेवली होती. आजी पोळ्या लाटताना सारखी म्हणायची, "कुकरशेजारी उंदीर वाळवणारा अख्ख्या इंग्लंडात हाच एक!" तुम्ही हसून म्हणालात, "अगं, साताऱ्याच्या माळावर माझ्या बापाला ससे होते, इथे मला हे आहेत. हात तोच." मग माझं बोट धरून त्या काळ्या मखमलीवरून फिरवलंत. "आता उलटा फिरव. अडतो का?" अडला नाही. ज्याला अरुंद बोगद्यात पुढेही पळायचं आणि मागेही, त्याची लव कुठल्याच बाजूला अडत नाही, असं तुम्ही सांगितलंत.

आणि मग तो दिवस. मी नऊ वर्षांचा आहे. बोटं बधिर झाली आहेत, तुम्ही गेटपाशी उभे आहात. शेवटच्या भोकात मी हात घालतो आणि लोखंडाच्या ऐवजी काहीतरी मऊ लागतं. मी हात ओढून घेतो, चौकोन पायाने दाबतो, काठी उपटतो आणि पळत येतो. तुम्ही विचारता, "किती?" मी म्हणतो, "सात." दुसऱ्या दिवशी तुम्ही एरवी माझ्या वेलांट्या तपासायचात त्याच टेबलावर बसून फोन घेतलात. शेतकऱ्याच्या कुत्रीने ती जागा उकरली होती, तिचा पुढचा पंजा मोडला होता. "मोजणी माझी चुकली," एवढंच तुम्ही इंग्रजीत म्हणालात. त्या शेताचं काम गेलं, त्याच्या भावाचंही गेलं. मी समोर दूध पीत होतो.

साडेनऊ. धुकं तसंच आहे. फोन केला तर हे शेत जाईल, आणि माझ्याकडे आता एवढंच एक मोठं शेत आहे. नाही केला तर... ते मला लिहवत नाही.

अकरा वाजले. मधलं सांगतो. मी फोन केला. "कुत्री सोडू नका, एक सापळा राहिला आहे, मोजणी माझी चुकली," असं म्हणालो आणि माझ्याच आवाजात तुमचा आवाज ऐकू आला. फोन ठेवायच्या आधीच लेक रडायला लागली. "बाबा, तू खोटं बोलला! तुझी नाही, माझी चुकला! आत सॉफ्ट होतं. मला वाटलं जिवंत आहे." मी विचारलं, "कुठे?" "तुटका खांब आहे ना, तिकडे." आम्ही हात धरून गेलो. तुटक्या खांबापासून तिने स्वतःची पावलं मोजली, गुडघ्यावर बसली आणि चौकोन उचलला. हात मीच घातला. खरं सांगायचं तर मीही डोळे मिटले होते. सापळ्यात भुईउंदीर होता, मेलेला, गार. तिने बऱ्याच वेळाने एक बोट लावलं. "उलटं फिरव," मी म्हणालो. तिने फिरवलं, आणि रडता रडता म्हणाली, "अडत नाही."

शेतकरी पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाला. आवाजावरून काही समजलं नाही.

आजोबा, त्या सकाळी तुम्ही फोन माझ्यासमोर घेतलात. ते वाक्य बोलून झाल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत होतात. तुम्हाला माहीत होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलो. आज असं वाटतं की तुम्ही वाट बघत होतात. माझ्या लेकीला अर्धं मिनिट लागलं. मला एकोणीस वर्षं लागली, आणि तीही कागदावर.

हा कागद मी वहीतून फाडणार नाही. आजची नोंद: लावले नऊ, उचलले नऊ, काठ्या नऊ. याच वहीत मागे, तुमच्या अक्षरात, त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिलं आहे: लावले सात, उचलले सात. मी पेन्सिल घेऊन बसलो आहे. उचलले सहा, आजोबा. पिशवीत सहा होते.