धुरा

रविवार, संध्याकाळ

कपाशीच्या दोन ओळी जास्त बसतील म्हणून उन्हाळ्यात मीच वावराचा धुरा नांगरून टाकला, बांधावरच्या गवतासकट. मग पाणी अडणार कशानं? परवाच्या पावसात माझ्या वावरातली काळी माती उतारावरून खालच्या शांताकाकूंच्या वावरात गेली. त्यांची कोवळी तूर गाडली गेली.

आज माफी मागायला गेलो. वाटलं, भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू एवढंच म्हणाल्या, “तुई माती माह्या वावरात येऊन राहिली. घेऊन जा ना गा.”

धुरा पुन्हा घालतो, गवत लावतो, म्हणालो. पण गेलेली माती?

नागपूरला घरी आलो तेव्हा बूट त्याच मातीनं लडबडलेले. सवयीनं नळाखाली धरले. काळं पाणी मोरीत गेल्यावर ध्यानात आलं, तेवढीही राखली नाही.