नऊ पुस्तकांची वाटणी

मी, सोराइदा येरेना पिंतो, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, राहणार यानावारा, आरेकिपा, नोटरीच्या कचेरीतील निवृत्त टंकलेखिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे डोके ठीक आहे, हृदय नाही. तीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टंकित केली. कोणत्या वाक्यावरून भावंडे भांडतात ते मला माहीत आहे. तशी वाक्ये टाळली आहेत. यापूर्वी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

कलम पहिले. पांढऱ्या दगडाच्या दोन खोल्या आणि अंगण माझा भाचा एदिलबेर्तो तेहादा याला. अंजिराचे झाड तोडू नये अशी अट घालणार होते. पण घर त्याचे झाले की झाडही त्याचे. अटी घालायला बळ लागते, ते पुढच्या कलमांसाठी राखून ठेवते.

कलम दुसरे. पलंगाखालच्या खोक्यांत माझ्या पहिल्या पुस्तकाच्या सहाशेच्या वर प्रती आहेत. १९९८ साली लिमातल्या एका गृहस्थाने माझ्याकडूनच पैसे घेऊन ते छापले. हजार प्रती आल्या, त्यांत शेवटचे प्रकरण नव्हते. फोन केला तर म्हणाला, “सेन्योरिता, शेवटापर्यंत वाचतं कोण?” करारानुसार हक्क दहा वर्षे त्याच्याकडे होते, आणि त्या करारावर मी, दिवसाला वीस करार टंकित करणारी बाई, न वाचता सही केली होती. पुस्तक निघणार याच आनंदात होते. दहा वर्षे थांबले, मग पुस्तके स्वतःच काढू लागले. त्या गृहस्थाला मी माफ केलेले नाही, तशी इथे नोंद करते. प्रती रद्दीत घालाव्यात. आठवण म्हणून कोणालाही देऊ नयेत.

कलम तिसरे. आपली पुस्तके आपणच काढणारी जी मंडळी दर मंगळवारी वाचनालयात जमतात त्यांना माझे घडीचे टेबल, कागद कापायचे यंत्र आणि पुढचे चार शब्द. हजार प्रती छापू नका. आता मागणी आली की एकच प्रतही छापून मिळते. पुस्तकाचा नोंदणी क्रमांक स्वतःच्या नावावर घ्या. लेखकाकडून पैसे मागणाऱ्याला छापखाना म्हणा, प्रकाशक म्हणू नका, म्हणजे अपेक्षा बेताच्या राहतात. मुद्रितशोधन दुसऱ्याला द्या, आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. मुखपृष्ठ फोनवर नखाएवढे करून बघा आणि नाव वाचता येत नसेल तर चित्रकाराला परत पाठवा. लोक आता फोनवर वाचतात, भाजी चिरता चिरता ऐकतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, मी चार वर्षे रागावून पाहिले. पुस्तक निघाल्यावर रोज सकाळी विक्रीचा आकडा बघत बसू नका. त्या वेळात पुढचे पान लिहून होते.

कलम चौथे. नऊपैकी आठ पुस्तकांचे सर्व हक्क एदिलबेर्तोला. ती त्यानेच संगणकावर चढवली आणि मी दोनदा हरवलेले पासवर्ड न चिडता परत मिळवले. मार्चमध्ये तो मला म्हणाला, “मावशी, तुझी पुस्तकं मशीनला दिली ना, की ते दहावं, अकरावं लिहून देतं. अगदी तुझ्यासारखं. सगळे करतायत.”

“माझ्यासारखं म्हणजे कसं?”

“म्हणजे… जरा कुरकुरणारं.”

मला हसू आले. पण उत्तर तेव्हा दिले नव्हते, ते इथे देते. माझ्यामागे माझ्या नावावर एकही नवे वाक्य निघू नये. मी दमले आहे. मेल्यावर मला कामाला लावू नये.

कलम पाचवे. नववे पुस्तक ‘धुण्याचा दगड’. या कलमासाठी मला सात वर्षे लागली.

फोर्तुनाता क्कामा, वय बहात्तर, आधी इथल्या चिली नदीवर आणि मग घरोघर कपडे धूत असे. माझ्याकडे तीस वर्षे दर शनिवारी यायची. कपडे पिळता पिळता नदीवरच्या बायकांचे सांगायची, तिच्या बहिणीचे, सातुर्निनाचे, सांगायची. मी स्वयंपाकघरात बसून लिहून घेत असे. २०११ साली त्याचे पुस्तक केले. माझे खपणारे पुस्तक तेवढे एकच. शाळांनीही ते घेतले. मुखपृष्ठावर नाव माझे एकटीचे. तिला मी विचारले होते. ती म्हणाली, “घाला की तुमचं. मला कुठं वाचता येतं?” उत्तर सोयीचे होते, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

पासष्टाव्या वर्षी ती चर्चच्या वर्गात वाचायला शिकली. एका शनिवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पुस्तक घेऊन आली.

“वाचलं,” ती म्हणाली. “चार महिने लागले.”

“कसं वाटलं?”

“माझंच आहे सगळं. मग नाव शोधलं. पुढं बघितलं, मागं बघितलं, त्या बारीक अक्षरांच्या पानावर पण बघितलं. आभारात तुमच्या मांजराचं नाव आहे. माझं नाही.”

“तूच तर नको म्हणालीस.”

“तेव्हा मला वाचता येत नव्हतं, सोराइदाबाई. तुम्हाला येत होतं.”

त्या दिवशीचे कपडे तिने धुतले, नीट झटकून वाळत घातले आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

या जानेवारीत इस्पितळातून परत आल्यावर मी एदिलबेर्तोला मुखपृष्ठ बदलून तिचे नाव घालायला सांगितले. एक दुपार पुरली. आपणच आपले प्रकाशक असलो की कोणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच त्या सात वर्षांचा दोष मला दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

पहिली प्रत घेऊन मी ती राहते त्या काइमाची चढण थांबत थांबत चढले. फोर्तुनाताने दार उघडले, ‘या’ म्हणाली नाही, पण बाजूला झाली. चष्मा लावून तिने नावावरून बोट फिरवले.

“कामा,” तिने वाचले. “आमच्या नावात दोन क असतात. क्कामा. एक कुठं गेला?”

मी ती प्रत परत आणली. दुरुस्त केलेली आली तेव्हा पुन्हा चढण चढले. “आता बरोबर,” ती म्हणाली आणि पुस्तक टीव्हीवर उभे केले. माफ केले असे म्हणाली नाही. बडीशेपेचा चहा दिला.

तरी ‘धुण्याचा दगड’चे सर्व हक्क, छापील, फोनवरचे आणि पुढे जे काही निघेल ते, फोर्तुनाता क्कामा हिला. माझ्या बचत खात्यातले सर्व तिलाच. ते मुळात याच पुस्तकाचे आहे.

कलम सहावे. याच पुस्तकाची ऐकायची आवृत्ती निघावी. एदिलबेर्तो म्हणाला, मशीनचा आवाज फुकट मिळतो. मी फोर्तुनाताला विचारले.

“वाचीन,” ती म्हणाली. “पण तुम्ही लिहिलंय तसं नाही.”

“का?”

“सातुर्निनाला तुम्ही फार चांगली केलीत. ती चांगली नव्हती. आणि शेवटी ती रडते, ते कुठनं आणलंत? ती नाही रडली. हुलियाकाच्या बसमध्ये चढली, मागं वळून पण बघितलं नाही. रडले मी.”

तीस वर्षांत हे तिने मला सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल आणि मी लिहून घेतले नसेल.

ध्वनिमुद्रण शनिवारी सकाळी एदिलबेर्तोच्या संगणकाच्या दुकानात चालते. तीन प्रकरणे झाली आहेत, बारा राहिली आहेत. सगळी ऐकायला मी असेनच असे नाही. म्हणून स्पष्ट लिहिते: माझ्या छापील मजकुरात आणि फोर्तुनाता क्कामा हिच्या तोंडच्या मजकुरात जिथे जिथे फरक पडेल, तिथे तिचे म्हणणे प्रमाण मानावे, आणि पुढच्या आवृत्तीत माझे वाक्य काढून तिचे घालावे.

साक्षीदारांना या लेखातून काहीही मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते. तरी ते आले.

साक्षीदार: लेओनिदास चिरिनोस, बेकरीवाले, शेजारी (सही)
साक्षीदार: ओर्तेन्सिया बेद्रेगाल, निवृत्त ग्रंथपाल (सही)

सोराइदा येरेना पिंतो (सही)
आरेकिपा, १४ जून २०२४