तिसरा हिस्सा

मी, शेख वाहेद शेख महेबूब, वय एकोणसत्तर, धंदा गाड्यांचे पाटे आणि शॉकअप दुरुस्त करणे, राहणार परळी वैजनाथ, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसं निकामी झाली आहेत, डोकं नाही. त्याची खात्री शेजारच्या जानकीबाईंनी केली. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी मला वार विचारला, महिना विचारला, माझ्या मेलेल्या बायकोचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "डोकं ठीक हाय. हट्ट तेवढा वाढलाय." माझ्यावर कुणाचा दबाव नाही.

१. मला माझ्या बायकोच्या, हजराबीच्या, शेजारी दफन करावं. जनाजा खांद्यावरून न्यावा. कब्रस्तान लांब आहे म्हणून कुणी गाडी आणली तर ती परत पाठवावी.

२. मला वारस दोन. मुलगा गुफरान आणि मुलगी फरजाना. घर, शेडची जागा आणि बँकेत उरेल ते शरीयतप्रमाणे त्या दोघांत वाटलं जाईल. त्यात मला बदल करता येत नाही. वकील धनश्री यांनी मला ते दोनदा समजावून सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. मुलाला वारशातून काढता येत नाही. माझ्या इच्छेने मला फक्त एक तृतीयांश देता येतं, तेही वारस नसलेल्या माणसाला.

३. घरातली शिलाई मशीन हजराबीची. ती फरजानाने न्यावी. गुफरानच्या बायकोने, हीनाने, ती वापरली आहे आणि नीट ठेवली आहे. तिने मागितली तर फरजानाने नाही म्हणू नये.

४. माझा तिसरा हिस्सा म्हणजे शेडमधली अवजारं. स्प्रिंग दाबून धरायचं यंत्र, हातप्रेस, अलाइनमेंटचं यंत्र, मोठे जॅक, गाडी ज्यांच्यावर उभी करतो त्या लोखंडी घोड्या, पान्यांची पेटी, गॅसकटर. चाकाच्या आतल्या कामाला जे जे लागतं ते सगळं. हे सगळं शहादेव मुंजाजी साळवे, राहणार दिंद्रुड, यांना द्यावं. शेड गुफरानची राहील. रिकामी राहील.

५. कारण लिहितो. शहादेव आणि मी एकाच उस्तादाकडे शिकलो. तो पाटे भरायचा, मी शॉकअप उघडायचो. नंतर तो गावी गेला, पण आमच्या घरी त्याचं ताट कायम असायचं. त्याचा मुलगा संजय याने एक जुनी मोटार घेतली. ती त्याला खाली बसवून हवी होती आणि रुंद चाकं हवी होती.

गाडी खाली बसवणं वाईट नाही. खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते, रस्ता धरते. पण त्यासाठी मुळातच आखूड आणि कडक स्प्रिंग घ्यावी लागते, तिच्या जोडीचा शॉकअप लागतो, मग अलाइनमेंट. एवढं केलं की गाडी हाताखाली येते. दुसरा मार्ग गॅसकटरचा. आहे तीच स्प्रिंग दीड वेढा कापायची. गाडी लगेच खाली बसते, फोटो चांगला येतो. आचेने पोलाद निळं पडतं, त्याचं पाणी जातं. कापलेलं टोक आपल्या जागेत बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सैल होते आणि जागा सोडते.

मी तेव्हा लातूरला दवाखान्यात होतो. गुफरानने दुसरा मार्ग घेतला. रुंद चाकं मोहनराव टायरवाल्यांनी दिली. या मृत्युपत्राला ते साक्षीदार आहेत. त्यांनी हे ऐकावं म्हणूनच मी त्यांना बोलावलं आहे.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दिंद्रुडच्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलावरून उतरताच वळण आहे तिथे, संजयची गाडी पलटली. संजय जागेवर गेला. पंचनाम्यात वेग जास्त असं लिहिलं. वेग जास्त होताच. मी दवाखान्यातून आल्यावर ती गाडी जिथे टाकली होती तिथे गेलो. पुढची डावी स्प्रिंग आपल्या जागेत नव्हती. टायरने मडगार्ड आतून खाल्लं होतं. स्प्रिंगचं टोक निळं होतं. मी ती काढून दिंद्रुडला नेली आणि शहादेवपुढे ठेवली. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने टोकावरून अंगठा फिरवला.

"गॅसनं कापलीय. कुणी?"

मी सांगितलं.

स्प्रिंग बाजूला सारून तो म्हणाला, "तू हे आणलं नसतं तर बरं झालं असतं, बे. आता मला ह्येच्यासंगं जगावं लागल."

त्याने तक्रार केली नाही. या ईदला मी शिरखुर्म्याचा डबा नेहमीप्रमाणे पाठवला. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत दोन्ही घरांत आहे. त्याच्या बायकोने, मनकर्णाने, दर वर्षी त्यात काही ना काही घालून पाठवलं आहे. यंदा डबा न उघडता परत आला.

६. गुफरानचं म्हणणंही लिहून ठेवतो. तो म्हणतो, गिऱ्हाइकाने मागितलं, त्याने दिलं. त्याने नाही म्हटलं असतं तर संजयने पुढच्या गल्लीत करून घेतलं असतं. हे खरं आहे. त्याचा वेल्डिंगचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हेही खरं आहे. संजयनंतर त्याने काम थांबवलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. त्याने थांबवलं नाही.

७. फरजानाचा मुलगा अरमान, माझा नातू, याची गाडी आज शेडमध्ये घोड्यांवर उभी आहे. मामाने त्याला खाली बसवून द्यायचं कबूल केलं आहे. एक स्प्रिंग कापून झाली आहे. अरमानला मी सांगितलं, फरजानाने सांगितलं. तो म्हणतो, मामा जपून कापतो. माझ्या खात्यातून या गाडीसाठी नव्या स्प्रिंगांची आणि शॉकअपची पूर्ण जोडी फरजानाने घ्यावी. ती शहादेवनेच बसवावी, त्याची तयारी असेल तर. दुसऱ्या कुणी हात लावू नये.

८. मी मरेपर्यंत थांबलो तर दुसरी स्प्रिंगही कापली जाईल. म्हणून अवजारं मी आज, सर्वांसमोर, शहादेवच्या ताब्यात देत आहे. वकिलांनी सांगितलं की मरणाच्या आजारातलं दानही तिसऱ्या हिश्शातच धरतात, आणि अवजारं त्यात जेमतेम बसतात. काही जास्त भरलंच तर वारसांची संमती लागेल. ती मी गेल्यावर पुन्हा घ्यावी लागते. पण मला ती जिवंतपणी बघायची आहे.

फरजानाने लगेच सही केली. गुफरानने कागद वाचला आणि खाली ठेवला.

"अब्बा, ह्यानं काय व्हणार? कटर कुठं बी मिळतो."

मी म्हणालो, मिळतो. माझ्या शेडमध्ये मिळणार नाही.

तो सही करत नाही म्हणाला.

९. हे कलम माझ्या आणि साक्षीदारांच्या सह्यांच्या आधी वाढवलं आहे.

शहादेव टेम्पो घेऊन आला. घरात आला नाही, पाणी घेतलं नाही. स्प्रिंग दाबायचं यंत्र त्याला एकट्याला उचलवलं नाही. मोहनराव उठेपर्यंत गुफरानने दुसरी बाजू धरली. दोघांनी सगळं टेम्पोत चढवलं. मी खाटेवरून दारातून पाहत होतो. घोड्या काढायला गुफरान वाकला तेव्हा शहादेव म्हणाला, "त्या ऱ्हाऊ दे. पोराची गाडी उभी हाय त्यांच्यावर. जोडी आली की मी येतो."

गुफरान टेम्पोचा फाळका लावत होता. त्याने विचारलं, "काका, एवढं सगळं ठेवणार कुठं?"

"संजयच्या खोलीत. रिकामीच हाय."

टेम्पो गेल्यावर गुफरान आत आला, पेन मागितलं आणि सही केली. त्या सहीचा अर्थ मी लावत नाही. दुसरी स्प्रिंग अजून अखंड आहे, एवढंच नोंदवतो.

वर लिहिलेलं मी वाचून दाखवलं, सर्वांनी ऐकलं.

लिहून देणार: शेख वाहेद शेख महेबूब (सही)

वारसांची संमती: फरजाना (सही), शेख गुफरान शेख वाहेद (सही)

साक्षीदार: जानकीबाई, निवृत्त नर्स (सही), मोहनराव, टायरचे दुकानदार (सही)

ठिकाण: परळी वैजनाथ
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५