चार नंबरचं दुपटं

२ नोव्हेंबर २००४
नोकरीचा पहिला दिवस, तोही एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात! गंगापूर रोडचं हॉस्पिटल, सगळं नवं, चकचकीत. तीन बाळं आहेत, चार नंबरचा वॉर्मर, म्हणजे ऊब देणारा पाळणा, रिकामा. इथं बाळांना नाव नसतं, मनगटावर आईच्या नावाची पट्टी असते. सगळ्यात लहान 'सुवर्णाचं बाळ', घोटीकडचं, ११४० ग्रॅम. रोज सकाळी सातला, दुधाआधी, उघडं वजन करायचं. काटा तपासायला चार नंबरवरचं नुसतं दुपटं ठेवलं तर ९००! चार्टवर आईचं नाव लागतं, म्हणून गंमतीत माझंच लिहिलं, 'कुंदनचं बाळ'. आया नवसामावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, सिस्टर, रिकाम्याला कशाला आई लावली?

३ नोव्हेंबर
काटेवाला येऊन गेला. काटा बरोबर आहे म्हणे. दुपटं ९२०. सुवर्णाचं बाळ ११२०. सुरुवातीला उतरतंच, असं डॉक्टर म्हणाले. मी नळीनं दर दोन तासांनी दूध देते. आधी सिरिंजनं ओढून बघते, मागचं पचलंय का. पचलेलं असतं. मग जातं कुठं?

५ नोव्हेंबर
१०८०. दुपटं ९६०.
सुवर्णाला बाळ उघड्या छातीशी धरायला शिकवलं. ती विचारत होती, सिस्टर, दूध तं लय येतंय, मग ह्यो असा हलका का लागतो? जगंल ना वो? मी हो म्हटलं.

६ नोव्हेंबर
मावशींना खोदून विचारलं. दसऱ्याला चार नंबरवर मुलगी होती. आई बाळंतपणातच गेली, बाप फिरकला नाही. पोर गेली तेव्हा बरोबर नऊशे. मावशी म्हणाल्या, तिला छातीशी कुणी घेतलंच नाही हो, नुसती मशीनची ऊब. आता तुम्ही नाव लावलंत.
चार्टवरचं नाव खोडलं. दुपारी दुपट्यात पट्टी सापडली. माझं नाव. अक्षर माझंच.

८ नोव्हेंबर
१०२०. दुपटंही १०२०.
डॉक्टरांनी सुवर्णाच्या नवऱ्याला बाजूला घेतलं.
मी पडदा ओढला. एप्रनची बटणं काढली. दुपटं छातीशी घेतलं. गार होतं. मग — हललं.

९ नोव्हेंबर
सुवर्णाचं बाळ १०६०! ती रडली, माझा हात सोडेना.
माझं घड्याळ सैल झालंय.

१५ नोव्हेंबर
त्याचं १३००. हिचं बघत नाही. उचलायला दोन्ही हात लागतात.
मावशी ओरडतात, ठेवा खाली. ठेवलं की त्याचा मॉनिटर वाजतो.

२४ नोव्हेंबर
वाटीचमच्यानं पितो आता. उद्या घरी. तो गेला की हिला खाली —
छातीवर मूठ आवळली. लहानशी.

२५
गेले घोटीला. सुवर्णानं मला ओळखलं नाही. मावशींना विचारत होती, कुंदन सिस्टर कुठंय?
पेन जड —
दुपट्यातली पट्टी मनगटात घालून बघितली. बसली. अजून बोटभर जागा उ