जावईबापूंना, पाच नंबरच्या डिस्कबद्दल

डहाणू रोड,
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

सन्माननीय जावईबापू दर्शनराव यांस काशीनाथचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (वयाने मी मोठा म्हणून आशीर्वाद, नात्याने तुमचा मान मोठा म्हणून नमस्कार. यमुना म्हणते, काहीतरी एक लिहा पण लवकर लिहा, रोशनची गाडी चुकेल.) आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे यमुनेचा गुडघा होता तसाच आहे आणि माझं बीपी काल दुपारपासून वर आहे. का ते पुढे येईलच. तुमच्या मातोश्रींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल, आमची अदिती सुखात असेल. रोशन म्हणजे आमच्या शेजारचा मुलगा, नोकरीच्या मुलाखतीला पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर चिकू पाठवतोय. वरचे पिकलेत, खालचे मंगळवारपर्यंत दाबू नका.

आता मूळ गोष्ट. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाल्यापासून तलासरीच्या आरोग्य संस्थेचा कॉम्प्युटर फुकटात सांभाळतो, हे तुम्ही जाणताच. (फुकटात, हे यमुना रोज ऐकवते.) मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेली युनिक्सची पेटी. तिची टेप पहिल्या दिवसापासून मेलेली, म्हणजे दुसरी प्रत काढायची सोय नाही. त्या पेटीत काय आहे हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, ते आता सांगतो. आमची नर्स लाडकी दीड वर्ष गंजाडपासून कैनाडपर्यंत पाड्यापाड्यावर पायी फिरली आणि तिने सहा हजार दोनशे बारा पोरांच्या बोटांतून रक्त काढून सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी केली. पोरं सुई बघून ताडावर चढतात हो! एकदा टोचलेलं पोर दुसऱ्यांदा हाताला लागत नाही. त्यातली एकेचाळीस पोरं आजाराची निघाली. त्यांना येत्या गुरुवारी मुंबईचे डॉक्टर तपासणार आहेत, एकच दिवस, फुकट. संस्थेत टायपिंग करणाऱ्या जयश्रीने आठ महिने बसून ती सगळी नावं टाइप केली. कागद ठेवायचे का, असं लाडकीने दोनदा विचारलं होतं. कॉम्प्युटरमध्ये आल्यावर कागद कशाला, वाळवीला घालायला? असं म्हणून मीच ते सगळे चुलीत घालायला लावले. असो.

तर यादी मोठी झाली, डिस्क भरत आली, म्हणून मुंबईहून जुन्या बाजारातली चार गिगाबाइटची आणखी एक डिस्क आली. तिचा वेगळा व्हॉल्यूम ग्रुप करायचा, म्हणजे डिस्कांचं एक खातेवार कुटुंब, नाव एक, सामान एकत्र. काल दुपारी तुम्ही पुण्याहून फोनवर एकेक कमांड सांगत होतात आणि मी मानेत रिसीव्हर धरून टाइप करत होतो, आठवतं ना? तुमचा आवाज किती गोड, किती अदबीचा! प्रत्येक वाक्याला 'बाबा', प्रत्येक चुकीला 'चालेल चालेल'. माझा चुलतभाऊ चिमण मला सिग्नल शिकवायचा तेव्हा फूटपट्टीने बोटांवर मारायचा, आणि एक चूक मी दोनदा केली नाही. जावयाने सासऱ्याला मारावं असं मी म्हणत नाही, पण जरा आवाज चढवायला काय हरकत होती, असं आपलं वाटून गेलं. (राग मानू नये.)

काम सुरू करण्याआधी मी एक गोष्ट माझ्या मनाने केली. रेल्वेत रुळाला हात लावायच्या आधी ती लाइन बंद करून घेतात, नाहीतर माणूस मरतो. त्याच हिशेबाने मी यादीचा जुना ग्रुप आधी बंद करून ठेवला, सुरक्षित असावा म्हणून. आता कळतंय की तो चालू असता तर यंत्राने माझा हात तिथेच धरला असता. मग पीव्हीक्रिएट, म्हणजे डिस्क ग्रुपात घ्यायला तयार करायची कमांड. डिस्कचा नंबर घालायचा होता, पाच की सहा. आमच्याकडे प्लॅटफॉर्म स्टेशनच्या इमारतीकडून मोजतात. मीही डिस्का वरून मोजल्या. नवीन डिस्क वर ठेवलेली, म्हणून ती पाच. यंत्र वर-खाली बघत नाही, ते डिस्कच्या पाठीमागच्या बारीक पिना बघतं, हे मला कुणी सांगितलं होतं? यंत्र म्हणालं, ही डिस्क आधीच एका ग्रुपची आहे. मला वाटलं, बरोबर आहे, जुन्या बाजारातली आहे, जुन्या पातेल्यावर पहिल्या मालकिणीचं नाव कोरलेलं असतं तसं असेल. जबरदस्ती करायची तर पुढे मायनस एफ लावायचा. मी तुम्हाला विचारलं, लावू का? तुम्ही नेहमीच्या अदबीने 'लावा ना बाबा' म्हणालात, आणि तेवढ्यात लाइन कट झाली. मी लावला. यंत्र म्हणालं, झालं. पुढच्या कमांडींचा कागद होताच. ग्रुपचं फोल्डर केलं, कागदावरचं ते चौसष्ट आणि शून्य एक्सचं शेपूट न चुकता घातलं, व्हीजीक्रिएट करून ग्रुप उभा केला, ग्रुपला अदितीचं नाव दिलं, आणि मागे उभ्या असलेल्या लाडकीला म्हटलं, चहा आण, काम फत्ते!

मग जागा किती मिळाली ते पाहिलं. दोन गिगाबाइट. चार यायला हवे होते. नवी डिस्क चारची, जुनी दोनची. दर्शनराव, मी यादीच्या डिस्कवरच जबरदस्ती केली होती. सिग्नल चुकून हिरवा दिलाय आणि समोरून गाडी येतेय, असं एकदाच झालं होतं, त्र्याहत्तर साली, आणि मग काल. जुना ग्रुप पुन्हा चालू करून पाहिला. यंत्र म्हणालं, त्याची डिस्क सापडत नाही. सापडेल कशी? तिच्यावर मी आमच्या मुलीचं नाव घातलंय! मी पुढे काही केलं नाही, नव्या ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही, पेटी चालूच ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली, हात लावील त्याची खैर नाही.

तुम्ही दिवाळीत बोलता बोलता म्हणाला होतात की यंत्र प्रत्येक ग्रुपची कुंडली आपणहून कुठेतरी लिहून ठेवतं. ती परत बसवायची काही एखादी छोटी कमांड असेल तर दोन ओळींत कळवावी. फार तसदी घेऊ नये. मातोश्रींना साष्टांग नमस्कार.

आपला,
काशीनाथ

ता. क. १ : अदितीला यातलं काही सांगू नका. ती लगेच आईला फोन करेल. यमुनेला मी पेटीला ताप आलाय एवढंच सांगितलंय.

ता. क. २ : कमांड लिहून पाठवू नका. माझ्या हातावर माझा भरवसा उरलेला नाही. रजा काढून मंगळवारी तुम्हीच या. जावयाला असं बोलावणं बरं दिसत नाही, पण या हो.

ता. क. ३ : यमुना चिकू बांधायला आत गेली आहे तेवढ्यात लिहितो. फोनवर तुम्ही 'लावा ना बाबा' म्हणाला नव्हतात. तुम्ही म्हणालात, 'नको बाबा, थांबा, आधी नंबर बघू.' मला स्वच्छ ऐकू आलं. लाइनही कट झाली नव्हती. आठवडाभर मी लाडकीला आणि जयश्रीला सांगत होतो की हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, आणि दोघी मागे उभ्या होत्या. म्हणून 'आवाज येत नाही' म्हणत मी फोन ठेवला. लाडकीला काल संध्याकाळी सांगितलं, यादी बहुतेक गेली. आज तिची सुट्टी. कंडक्टर सांगत होता, सकाळच्या पहिल्या एसटीने ती गंजाडला उतरली, सुयांचा डबा घेऊन. चार दिवसांत सहा हजार पोरं होत नाहीत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी तिने पहिल्या पाड्यापासून सुरुवात केली आहे.